आर्णीपर्यंतची गाडी

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो. कोणाला सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे. आमच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आहे. त्याच्याखाली बसून शिकणाऱ्या बाईचा हेवा करायचा म्हणजे विहारात बसून खोटं बोलल्यासारखं वाटतं. जो शिकतो त्याला सगळ्यांनी हात द्यायचा, ही आमच्या घराची रीत. मीही दिला. हात देत राहिले आणि मनातून जळत राहिले.

आम्ही लोहाऱ्याला राहतो, यवतमाळच्या कडेला, कारखान्यांच्या मागे. घरात अलीकडपर्यंत सासूबाई, माझा नवरा, माझा दीर, दिराची बायको आणि त्यांची मुलगी. मुलगी आता चार वर्षांची आहे. मला मूल नाही. दवाखाने झाले, दूरदूरचे डॉक्टर झाले, आता तो विषय कोणी काढत नाही.

जाऊ राळेगावकडची. लग्न होऊन आली तेव्हाच बी.ए. झालेली होती. पोरगी पावलं टाकायला लागली आणि जावेने नागपूरला विद्यापीठात भूगोलासाठी नाव घातलं. जगभरचे लोक आपला मुलूख सोडून कुठे जातात, काहून जातात, मागे कोण राहतं, याचा अभ्यास. सोमवारी सकाळच्या गाडीने जायची, वसतिगृहात राहायची, शनिवारी संध्याकाळी परत यायची. मधले सगळे दिवस पोरगी माझ्याकडे. तेव्हा मी डाळमिलमध्ये कामाला जात होते. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांच्याच्याने पोरीमागे धावणं होत नव्हतं. म्हणून मी डाळमिल सोडली. सोड असं कोणी म्हटलं नाही. सोडू नको, असंही कोणी म्हटलं नाही.

रविवारी जाऊ घरी असली की मधल्या खोलीत तिचा अभ्यास मांडलेला असे. तांदळाच्या कोठीवरच्या भिंतीला तिने जगाचा मोठा नकाशा चिकटवला होता. त्यावर टाचण्या आणि टाचणीपासून टाचणीपर्यंत रंगीत दोरे. दोरे माझेच. ब्लाउज शिवून उरलेल्या रिळांचा डबा तिने मागितला आणि मी काढून दिला. लाल दोरा केरळातून आखातात गेला. हिरवा दोरा मेक्सिकोतून वर गेला. माझ्या हिरव्या साडीच्या ब्लाउजचा दोरा तो. नवरा कामावरून आला की चहाचा कप घेऊन त्या नकाशापुढे उभा राहायचा आणि म्हणायचा, "काय डोकं आहे हिचं! किती दूरदूरचं समजते!" मी कप परत घ्यायला मागे उभी असायची.

माझा भूगोल तिसरीतला. तेव्हा आम्हाला जिल्हा शिकवायचे. पैनगंगा कुठून वाहते, कोणता तालुका कुठे, ते मी बोट ठेवून दाखवायची आणि गुरुजी माझ्या पाठीवर थाप मारायचे. माझं माहेर उमरखेडजवळचं एक खेडं. शाळा चौथीपर्यंत. पाचवीला उमरखेडला जावं लागायचं. बाबा हो म्हणाले होते. आई कापूस वेचायला जायची, तिने विचारलं, "ही गेल्यावर धाकट्याले कोण पाहीन?" धाकटा म्हणजे माझा भाऊ, तेव्हा रांगत होता. मग मी त्याला पाहिलं. तो पुढे शिकला, चांगला आहे. मी जन्मभर दुसऱ्याचीच लेकरं कडेवर घेतली, हे मला जावेचा अभ्यास बघताना पहिल्यांदा टोचलं. त्याआधी एवढं टोचलं नव्हतं.

ती पास झाली, वरच्या नंबराने, तेव्हा विहारात तिचा सत्कार ठेवला. शाल दिली, पुस्तकं दिली. भाषण करणाऱ्या काकांनी सासूबाईंना उभं केलं, "या माउलीनं सुनेले शिकवलं," म्हणाले. दिराला उभं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शेवटच्या ओळीत होते. पोरगी माझ्या मांडीवर झोपली होती, म्हणून मला टाळ्याही वाजवता आल्या नाहीत. शेजारची बाई माझ्या कानाशी आली. "तुमचं बरं जमलं बाई," ती म्हणाली, "डिग्री तिच्याकडं, पोरगी तुमच्याकडं."

तिने टोमणा मारला होता, पण मला तो गोड लागला. घरी येईपर्यंत मी तो मनात घोळवत राहिले. खरंच होतं ते. पोरगी माझ्याकडे होती. शनिवारी आई आली की ती आधी माझ्या पदराआड जायची, तिथून आईकडे बघायची आणि मग जायची. जावेचा चेहरा तेवढ्यापुरता उतरायचा. तो उतरलेला चेहरा बघायला मला आवडायचं. शनिवारची मी वाट बघायची, ती त्याचसाठी.

आणि झोप. झोप तर फक्त माझ्याकडेच. एकदा मी पोरीला घेऊन एसटीने माहेरी गेले होते. तेव्हापासून तिला गाडीचं वेड. झोपवताना मी तिच्या तळपायाला खोबरेल लावायची आणि तळपायावर गाडी चालवायची. टाच म्हणजे यवतमाळ. टाच दोनदा दाबली की डबल बेल, गाडी सुटली. मग माझा अंगठा हळूहळू वर. जवळा. चला जवळावाले, उतरून घ्या. पुन्हा डबल बेल. तळपायाच्या खळग्यात आर्णी. तिथे गाडी जरा जास्त थांबायची, कंडक्टर चहा प्यायचा. मग महागाव. पायाचा अंगठा म्हणजे उमरखेड, माझ्या माहेराजवळचं. तिथपर्यंत ती कधी जागी राहिली नाही. महागावच्या अलीकडेच पाय सैल पडायचा. मी मात्र अंगठ्यापर्यंत जायचीच. ती झोपली तरी गाडी पोचवायची.

हे घरात कोणाला माहीत नव्हतं. झोपवताना मी दार लोटून घ्यायची. एका रविवारी जावेने विचारलं होतं, "ताई, माझ्याजवळ तं ही डोळेच मिटत नाही. तुम्ही कसं करता?"

"काही नाही वं," मी म्हटलं. "मांडीवर घेते, थोपटते."

मांडीवर घ्यायची, थोपटायची, यात खोटं काहीच नव्हतं.

मग जावेला जर्मनीच्या विद्यापीठात पुढच्या अभ्यासाला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. विषय तोच. दीरही सोबत जाणार होता, तिकडे काम बघणार होता. पेढे वाटले, घरात पाय ठेवायला जागा नव्हती एवढी माणसं येऊन गेली. येणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून म्हणायचा, "पोरीची काई चिंता नाई, मोठी आई आहे." आमच्याकडे बापाच्या मोठ्या भावाच्या बायकोला मोठी आई म्हणतात. मी मान खाली घालून पेढ्यांचं ताट फिरवत होते. आतून मी हवेत होते. जा म्हटलं, जर्मनीला जा, अजून पुढे कुठे असेल तर तिथे जा. मी मनातल्या मनात पोरीला इथल्या अंगणवाडीतून शाळेत घातलं होतं, तिचा डबा भरला होता, तिसरीत जिल्ह्याचा नकाशा काढून दिला होता.

त्याच आठवड्यात, स्वयंपाकघरात सासूबाई आणि जाऊ भाजी निवडत होत्या, मी पोरीला मांडीवर घेऊन बसले होते. सासूबाईंनी जावेला विचारलं, "तिकडं जाऊन नेमकं काय शिकशीन वं तू?"

जाऊ सांगायला लागली. ती सांगते तेव्हा चांगलं सांगते, ऐकत राहावंसं वाटतं, याचाही मला राग येतो. म्हणाली, "फिलिपाईन्स म्हणून देश आहे. तिथल्या बाया हाँगकाँगले जातात, दुबईले जातात, दुसऱ्याचे लेकरं सांभाळाले. मंग त्यांचे सोताचे लेकरं कोण सांभाळते? घरची कोणी बाई. बहीण, नाही तं जाऊ. त्या मागं राह्यलेल्या बाया आणि ते लेकरं, यावर माहा अभ्यास."

"मंग त्या जावेले पगार भेटते का?" सासूबाईंनी विचारलं. त्यांनी सरळच विचारलं होतं.

जाऊ थांबली. हातातली मेथीची काडी तशीच राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. मी पोरीच्या केसांत तेल घालत होते. "नाही भेटत," ती हळू आवाजात म्हणाली आणि उठून मधल्या खोलीत गेली.

सकाळी चहाच्या वेळी तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "मी पोरीले घेऊन जाते."

मला वाटलं, चूल विझली. गॅसच होता, तो चालूच होता.

सासूबाई म्हणाल्या, "अवं, थंडीचा मुलूख. तिची सवय मोठीची."

"म्हणूनच," जाऊ म्हणाली. "तिकडं जाऊन मी मागं राह्यलेल्या लेकरांवर लिहू आणि माही पोरगी इथं मागं. ते मले जमणार नाही. तिकडं तिच्यासाठी शाळा आहे, विचारून ठेवलं मी. फक्त माह्याजवळ झोपली पाह्यजे. तिकिटं काढाच्या आधी माह्याजवळ झोपाले लागली तं नेते. नाही तं ठेवते ताईजवळ. बिनाझोपेचं लेकरू नेऊन तिचे हाल नाही करणार."

हे सगळं ती बशीकडे बघत बोलली. मीही माझ्या बशीकडेच बघत होते. मला एवढंच ऐकू आलं की नाही झोपली तर ठेवते.

पुढच्या दिवसांत पोरगी रडून रडून घर डोक्यावर घेई आणि शेवटी माझ्याच खोलीत येई. मी दार उघडंच ठेवायची. मग सासूबाईंनी मला जवळ बसवलं. "तू आठ दिवस माहेरी जाय," त्या म्हणाल्या. "अंगावरचं लेकरू तोडतात का नाही, तसं हे. तू डोळ्यासमोर राह्यली तं ते तुटत नाही."

आमच्याकडे अंगावरचं दूध तोडायचं असलं की आई लेकराला आजीजवळ ठेवून माहेरी जाते. तीन-चार दिवस लेकरू रडतं, मग विसरतं. मी कधी कोणाला पाजलं नव्हतं. तरी तोडायची पाळी माझ्यावर आली. पिशवी भरताना जाऊ दारात आली. "ताई, तुमचं एखादं नेसून झालेलं लुगडं ठेवून जाल का? न धुतलेलं." मी अंगावरचं सोडून दिलं आणि धुतलेलं नेसून निघाले. पोरगी तेव्हा दिरासोबत दुकानात गेली होती. तिला न सांगताच जायचं, असं ठरलं होतं.

यवतमाळच्या स्टँडवर उमरखेडची गाडी लागली. खिडकीशी बसले. कंडक्टरने डबल बेल दिली आणि माझा हात आपोआप मांडीवर गेला. मांडीवर पिशवी होती. जवळा आलं, माणसं उतरली. आर्णीला कंडक्टर खरंच चहा प्यायला उतरला. मी मनात एकच म्हणत होते, झोपू नको. झोपू नको तिच्याजवळ. लेकरासाठी कोणी असं मागतं का? मी मागत होते.

माहेरी आईने कारण विचारलं, मी सांगितलं. आई आता थकली आहे. बाजेवर बसून होती. म्हणाली, "ज्याचं त्याले द्या लागते वं."

"मी कुठं नाही म्हटलं?"

"तोंडानं नाही म्हटलं."

दिवसातून दोनदा दिराचा फोन यायचा. पोरगी रडली, जेवली नाही, दमून पडली पण झोपली नाही, परत उठली. मी "अरेरे" म्हणायची. फोन ठेवला की भावाच्या बायकोच्या हातून काम ओढून घ्यायची, एवढा अंगात जोर यायचा. मग रडणारी पोरगी डोळ्यासमोर यायची आणि तो जोर उतरायचा. भाकरी थापता थापता माझं असं दिवसभर चाललेलं असायचं.

मग एका दुपारी जावेचाच फोन आला. मी अंगणात गव्हातले खडे वेचत होते. पलीकडून आधी पोरीचं रडणं ऐकू आलं, बसलेल्या घशाचं. मग जाऊ बोलली. तीही रडत होती.

"ताई, मी हरली," ती म्हणाली. "अंग तापून राह्यलं तिचं रडून रडून. या तुम्ही घरी. ठेवते तिले तुमच्याचजवळ."

मला जे पाहिजे होतं ते असं फोनवर आलं. गव्हाचं सूप माझ्या एका हातात तसंच होतं.

"तुमचं लुगडं नेसून झोपली मी बाजूले," ती सांगत होती. "दिवा मालवला. तुमच्यासारखं खोकून पाह्यलं. तिनं हात लावला न् म्हणे, तू मोठ्याई नाही." मग ती हुंदका देऊन म्हणाली, "तुम्हाले काय माहीत ताई, मी किती जळते तुमच्यावर. दर शनिवारी ही पदराआडून पाहाची ना माह्याकडं, ते आठवून मी एसटीतूनच रडत याची. नागपूरले माह्या खोलीतल्या पोरी म्हणत, तू लकी आहेस, घरी एवढं करणारं माणूस आहे. मले वाटे, आग लागो त्या करणाऱ्या माणसाले."

मला हसू आलं. खरंच आलं. सूप हातातून खाली ठेवलं. एवढी शिकलेली, जगाच्या नकाशावर दोरे बांधणारी बाई माझ्यावर जळत होती. माझं लुगडं नेसून, माझ्यासारखं खोकून. विहारात कोणी मला उभं केलं असतं, शाल दिली असती, तरी एवढं बरं वाटलं नसतं. इतकी वर्षं मला वाटायचं, जळणारी मी एकटीच आहे.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तळपायाले तेल लाव तिच्या."

"काय?"

"खोबरेल लाव. टाच दोनदा दाब. डबल बेल म्हण." मी तिला सगळं सांगितलं. यवतमाळ कुठे, जवळा कुठे. आर्णीला गाडी जास्त थांबवायची. घाई करायची नाही, लवकर पोचायचं नाही. आवाज कंडक्टरसारखा काढायचा, पण हळू. जाऊ मध्ये मध्ये "हो ताई, हो ताई" करत होती, वर्गात बसल्यासारखी. फोन चालू ठेवूनच तिने तेल आणलं. मला टिंग टिंग ऐकू आलं. रडणं एकदम थांबलं. पोरीचा बसका आवाज आला, "आई, तुले गाडी येते?"

मी तशीच कानाला फोन लावून बसले. जवळा ऐकलं. आर्णी ऐकलं. महागाव म्हणताना जावेचा आवाज अगदी बारीक झाला. मग काहीच नाही. बऱ्याच वेळाने जाऊ कुजबुजली, "ताई, झोपली." मी फोन बंद केला.

बाजेवरून आई बघत होती. उमरखेडपर्यंत जावेने गाडी नेली की नाही, ते विचारायचं राहून गेलं. माझ्या मनात तेच येत राहिलं, मध्येच सोडली असेल.

उरलेले दिवस काढून घरी परतले, तेव्हा पोरगी आईच्या मांडीवर बसून वरणभात खात होती. मला पाहून हसली. उठली नाही. "मोठ्याई, मी आईजवळ झोपते आता," म्हणाली. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, जाऊ ताटाकडे बघत होती. मी पाय धुवायला मोरीत गेले आणि बराच वेळ पाय धूत राहिले.

ते गेले. विमानतळावर नवरा सोडायला गेला, मी गेले नाही. नकाशा भिंतीवर तसाच आहे. जायच्या आधी जावेने त्यावर एक नवा दोरा लावला, यवतमाळपासून जर्मनीपर्यंत. रंग मी निवडावा असं म्हणाली. मी काळा दिला. तिने तोच लावला.

मला कोणी विचारलं की सगळं बरं झालं ना, तर मी हो म्हणते. पण मी काही मोठ्या मनाची झाले नाही. फोनवर बर्फ दिसतं, पोरगी जाड टोपीत दिसते, तिच्या तोंडात तिकडचे शब्द येतात, आणि आईकडे बघून ती ते बरोबर करून घेते. तेव्हा माझ्या छातीत तेच जुनं जळतं. डाळमिलमध्ये मी परत जायला लागले आहे. रविवारी फोन असतो.

मागच्या रविवारी पोरगी सांगत होती, "मोठ्याई, आईची गाडी लय दूर जाते. उमरखेडच्या पुढं नांदेड, मग हैदराबाद, मग विमान, मग दुबई, मग आमचं घर. इथवर जाते." तिने पाय कॅमेऱ्यापुढे धरला. आईने बोटाबोटावर देश बसवले होते, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. मागून जावेचं हसणं ऐकू आलं.

माझी गाडी पायाच्या अंगठ्याशी संपायची. माझा जिल्हा तिथेच संपतो. तिने माझी गाडी घेतली आणि सगळ्या जगाची करून टाकली. मला एवढा राग आला की मी फोन नवऱ्याकडे देणार होते.

पण आधी विचारून घेतलं. "मंग तू झोपते कुठं? दुबईले का विमानात?"

"नाही नं," पोरगी म्हणाली. "आर्णीलेच झोप लागते."

मी फोन नवऱ्याकडे दिला आणि चहा ठेवायला आत गेले. साखर जरा जास्तच टाकली.